करदाता कोण, नागरिक कोण?

(हैदराबादमध्ये मराठी विद्यार्थ्यांच्या एका अभ्यास वर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय तुमच्यापैकीच काहींनी सुचवला आहे. "कर इतके वाढलेत की लोक भारताचं नागरिकत्व सोडून चाललेत" असा मेसेज गेल्या काही वर्षांत आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर कधी ना कधी आला आहे. त्यावर बोला, असं तुम्ही म्हणालात. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही, समाजशास्त्रात पीएचडी करते. म्हणून आकड्यांकडे जाण्याआधी एक प्रसंग सांगते.

दोन वर्षांपूर्वी अर्थसंकल्पाच्या दिवशी आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये टीव्ही चालू होता. टेबलावर आम्ही पाच-सहा जण होतो. त्यातला एक जण, स्वभावाने वाईट नाही, परीक्षेच्या वेळी नोट्स देणारा मुलगा, बातम्या ऐकता ऐकता म्हणाला, "आमच्या घरात तिघं जण टॅक्स भरतात. माझा चुलतभाऊ याला कंटाळूनच अमेरिकेचा नागरिक झाला. आणि आमच्या पैशावर इथे लोक पाच-पाच वर्षं पीएचडी करत बसतात." तो माझ्याकडे बघून बोलला नाही. पण त्या टेबलावर फेलोशिपवर जगणारी मी एकटीच होते.

मी काही बोलले नाही. जेवण संपवलं, ताट ठेवलं, खोलीत आले. त्या रात्री राग आला तो त्याच्यापेक्षा माझा स्वतःचाच जास्त आला. कारण क्षणभर मला ते खरं वाटलं होतं. आपण कुणाच्या तरी पैशावर शिकतोय, आपण पाहुणे आहोत, ही भावना माझ्या मनात आधीपासूनच होती. त्याने फक्त ती बोलून दाखवली. तुमच्यातल्या किती जणांना असं वाटतं ते मी हात वर करून विचारणार नाही. आपल्या घरातून पहिल्यांदा विद्यापीठात आलेल्या माणसाला हे वाटतंच.

त्या मुलाच्या बोलण्यात तीन दावे होते. एक, लोक करामुळे नागरिकत्व सोडतात. दोन, कर ते भरतात आणि खातो आपण. तिसरा दावा त्याने उच्चारला नाही, पण तो बाकी दोन्हींच्या मागे उभा होता: जो कर भरतो, देश त्याचा. आपण हे एकेक करून तपासू.

पहिला दावा. नागरिकत्व सोडणाऱ्यांची संख्या वाढली आहे, यात शंका नाही. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेले आकडे आहेत. २०११ मध्ये १,२२,८१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. २०१९ मध्ये १,४४,०१७. २०२० मध्ये एकदम ८५,२५६. २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८. २०११ ते २०२४ अशी बेरीज केली तर वीस लाखांच्या वर जाते. ही लहान संख्या नाही.

पण 'सोडलं' या शब्दाने आपली फसगत होते. डोळ्यांसमोर येतो तो मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट फेकून निघालेला कुणीतरी उद्योगपती. प्रत्यक्षात यातले बहुतेक लोक वर्षानुवर्षं परदेशातच राहत असतात. शिकायला किंवा नोकरीला गेले, व्हिसाच्या रांगेत दहा-बारा वर्षं काढली, मुलं तिथेच जन्मली आणि शेवटी तिथलं नागरिकत्व मिळालं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं आपोआप संपतं. म्हणजे या आकड्यातले बरेच जण काही सोडायला गेले नव्हते, घ्यायला गेले होते. एक घेतलं की दुसरं ठेवता येत नाही, एवढंच. २०२० मध्ये आकडा निम्म्याच्या जवळ का आला? कोरोनामुळे जगभरातली कार्यालयं बंद होती.

आता कराकडे येऊ. भारतात प्राप्तिकर नागरिकत्व बघून लावला जात नाही, वास्तव्य बघून लावला जातो. वर्षातले किती दिवस तुम्ही इथे राहिलात यावर ते ठरतं. जो परदेशात राहून कमावतो त्याला तिथल्या पगारावर भारतात कर भरावा लागत नाही, त्याच्या खिशात भारतीय पासपोर्ट असला तरी. याला एक अपवाद आहे, तोही सांगते. २०२० मध्ये अशी तरतूद आली की ज्या भारतीय नागरिकाचं परदेशी उत्पन्न सोडून इतर उत्पन्न पंधरा लाखांच्या वर आहे आणि जो कुठल्याच देशात कर भरायला पात्र ठरत नाही, त्याला भारताचा रहिवासी मानायचं. ही माणसं मूठभर आहेत. आखातात बांधकामावर गेलेला आपला निजामाबादचा किंवा करीमनगरचा मजूर यात येत नाही.

आणि हे लोक जातात कुठे? २०२१ मध्ये ज्या १,६३,३७० जणांनी नागरिकत्व सोडलं, त्यातल्या ७८,२८४ जणांनी अमेरिकेचं घेतलं. त्यानंतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटन. यातला एकही देश करमुक्त नाही. उलट अमेरिका हा जगातल्या अशा अगदी मोजक्या देशांपैकी आहे, जो आपल्या नागरिकाकडून तो जगात कुठेही राहत असला तरी त्याच्या सगळ्या उत्पन्नाचा हिशेब मागतो. करापासून पळायचंच असेल तर अमेरिकेचा नागरिक होणं म्हणजे पावसातून पळून नदीत उडी मारणं आहे. वैयक्तिक प्राप्तिकर नाही असा देश म्हणजे संयुक्त अरब अमिरात. तिथे लाखो भारतीय राहतात, पण तिथलं नागरिकत्व सहसा कुणाला मिळतच नाही. त्यामुळे त्यांचा पासपोर्ट भारतीयच राहतो.

करासाठी नागरिकत्व सोडण्याची चर्चा मुळात अमेरिकेतली आहे, आणि तिथे तिला अर्थ आहे, कारण तिथे कर नागरिकत्वाला बांधलेला आहे. फेसबुकचे एक सहसंस्थापक एडुआर्डो सॅव्हरिन यांनी कंपनीचे शेअर बाजारात येण्याच्या आदल्या वर्षी, २०११ मध्ये, अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला. करासाठी सोडलं नाही, असं त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं. ते काही असो, तिकडची गोष्ट आपल्याकडे उचलून आणली की ती लागू पडत नाही. माझ्या त्या मेसमधल्या मित्राचा चुलतभाऊ आज अमेरिकेत केंद्राचाही कर भरतो आणि त्याच्या राज्याचाही. तो कराला कंटाळून गेला नाही. चांगली नोकरी, चांगली शाळा, चांगली हवा यासाठी गेला. त्यात वाईट काहीच नाही. पण मग त्याच्या जाण्याचं बिल माझ्या फेलोशिपच्या नावावर का फाडता?

दुसरा दावा: कर ते भरतात, खातो आपण.

इथे आधी त्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. पगारदार मध्यमवर्गाची तक्रार पोकळ नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारकडे येणाऱ्या प्रत्येक रुपयात प्राप्तिकराचे २२ पैसे आणि कंपन्यांवरच्या कराचे १७ पैसे धरले होते. म्हणजे माणसं कंपन्यांपेक्षा जास्त देतात. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांसाठी कराचा मूळ दर, सवलती सोडणाऱ्यांना, २२ टक्क्यांवर आणला गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. वारशावरचा कर, म्हणजे इस्टेट ड्युटी, १९८५ मध्येच गेला होता. १९७३-७४ मध्ये सर्वांत वरच्या टप्प्याला अधिभार धरून ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता. आज नव्या कररचनेत तो ३९ टक्के आहे. मधे २०१९ मध्ये अतिश्रीमंतांवरचा अधिभार वाढून हा दर ४२.७४ टक्क्यांपर्यंत गेला होता, तो २०२३ मध्ये खाली आणला. खाली आणला त्या वर्षीही दोन लाखांच्या वर लोकांनी नागरिकत्व सोडलंच. मग पगारदार माणसाने जाब कुणाला विचारायला हवा? कंपन्यांना आणि पिढीजात इस्टेटींना सूट देणाऱ्या धोरणाला. तो विचारतो हॉस्टेलमधल्या मुलीला. कारण ती समोर असते आणि गप्प बसते.

आता आपल्या घरात या. माझी आई नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कंत्राटावर साफसफाईचं काम करते. तिने आयुष्यात कधी प्राप्तिकराचं विवरणपत्र पाहिलेलं नाही. सरकारी भाषेत ती करदाती नाही. पण ती मोबाइलमध्ये २९९ रुपयांचा रिचार्ज मारते तेव्हा त्यात १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे पंचेचाळीस रुपयांहून थोडे जास्त. सिमेंटची पोती आणली तेव्हा कर भरला. कामावर जाताना शेअर ऑटोत बसते, त्या ऑटोच्या इंधनावरचा कर भाड्यातून भरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, बिस्किटं अशा बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, ते बरंच झालं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की २०१७ पासून ती साबणाच्या प्रत्येक वडीवर १८ टक्के देत होती आणि कुणी तिला करदाती म्हणत नव्हतं.

त्याच अर्थसंकल्पाच्या त्याच रुपयात जीएसटीचे १८ पैसे आहेत, कंपन्यांच्या १७ पैशांपेक्षा जास्त. तेच ४५ रुपये करोडपतीही त्या रिचार्जवर देतो. फरक असा, की त्याच्या कमाईत ते दिसत नाहीत. आईच्या कमाईत ती एका वेळची भाजी असते. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. प्राप्तिकर भरणाऱ्याला कागद मिळतो, त्यावर त्याचं नाव असतं. जीएसटी भरणाऱ्याच्या हातात पावतीसुद्धा पडत नाही, पडली तरी तिच्यावर नाव दुकानदाराचं. म्हणून एकाला आपण दाता आहोत असं वाटतं आणि दुसरीला आपण लाभार्थी आहोत असं वाटायला लावलं जातं.

हे आपण आज नव्याने शोधून काढलेलं नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं होतं. सरकारचा बराचसा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ज्यांच्याकडून पैसा घेता त्यांच्या मुलांना आधी प्राथमिक शिक्षण द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे 'करदात्यांच्या पैशावर शिकता' हा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो पहिल्यांदा जोतीरावांनी विचारला आहे आणि उलट्या दिशेने विचारला आहे. शंभर-दीडशे वर्षं कुणाच्या पैशावर कोण शिकलं, याचा हिशेब काढा. मग माझ्या पाच वर्षांचा काढू.

त्या हिशेबात वेठही धरावी लागेल. गावकीची कामं, सरकारी दौऱ्यांची ओझी, निरोप, मेलेली जनावरं ओढणं, या सगळ्याला मजुरी नव्हती. तो अंगमेहनतीने भरलेला करच होता. माझी आजी जन्मली तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि ती निजामाची प्रजा होती. तिच्या घराने कर दिला, वेठ दिली, पण नागरिक हा शब्द तिच्या वाट्याला नव्हता.

इथून मी तिसऱ्या दाव्याकडे येते. मला वाटतं आपण सगळ्यात जास्त सावध इथे राहायला हवं.

"आम्हीही कर भरतो" हे उत्तर बरोबर आहे. मी आता पंधरा मिनिटं तेच दिलं. पण तिथेच थांबलो तर आपण त्यांचा तिसरा दावा मान्य केल्यासारखं होतं: जो भरतो, त्याचा देश. मग ज्या घरात रिचार्ज मारायलाही पैसे नाहीत त्याचं काय? अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचं काय? पाड्यावरच्या लहान मुलीचं काय?

'फक्त करदात्यांनाच मताधिकार द्या' असंही अधूनमधून ऐकू येतं. ऐकायला नवं वाटतं, पण ती जुनी व्यवस्था आहे. ब्रिटिश अमलात १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांखाली मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर ठरत होता. त्यामुळे आपली बहुतेक माणसं मतदार यादीच्या बाहेर होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली ती याच पार्श्वभूमीवर. पुढे संविधानाच्या ३२६ व्या कलमाने तो दिला. त्या कलमात कराच्या पावतीची अट नाही. ते कलम लागू झालं तेव्हा प्रजेचे नागरिक झाले. माझ्या घरात ही गोष्ट फक्त तीन पिढ्यांची आहे: आजी प्रजा म्हणून जन्मली, आई मतदार म्हणून, मी पदवीधर झाले.

महाडची आठवण इथे काढायला हवी. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अशी ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. पैसा सार्वजनिक, म्हणून हक्कही सार्वजनिक, असा त्याचा आधार होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण ठरावाने पाणी हातात आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसोबत हजारो माणसं तळ्यावर चालत गेली तेव्हा आलं. आणि आपण केवळ पाणी पिण्यासाठी जात नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला जातो आहोत, ही बाबासाहेबांची भूमिका होती. कराचा मुद्दा हातात असूनही त्यांनी तो शेवटचा मुद्दा केला नाही. पुढे नगरपालिकेने ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि निकाल हाती यायला मार्च १९३७ उजाडलं. तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षं.

१९३१ मध्ये मुंबईत मणिभवनात गांधीजींची भेट झाली तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं की आपल्याला मायभूमी नाही. ज्याला पाणी मिळत नाही त्याला देश आहे असं कसं म्हणायचं, असा तो सवाल होता. असं म्हणणारा माणूस देश सोडून परदेशात राहू शकला असता. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या त्यांच्याकडे होत्या. त्यांनी इथे राहून संविधान लिहिण्याच्या कामाला स्वतःला जुंपून घेतलं. ज्यांना नागरिकत्व आयतं मिळालं, त्यांना ते जमाखर्चाच्या वहीतली एक नोंद वाटू शकतं: परवडलं तर ठेवू, नाही परवडलं तर बदलू. आपल्याला ते मिळवावं लागलं आहे, म्हणून त्याची किंमत आपल्याला वेगळी कळते.

आता गैरसमज नको. तुम्ही परदेशात जाऊ नका, असं मी अजिबात म्हणत नाही. जा. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, वर्षाला १२५ जागा. वर्षाला दोन लाख लोक नागरिकत्व बदलतात त्या देशात अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी मिळून १२५. अर्ज करा, जागा वाढवायची मागणीही करा. उद्या तुमच्यातल्या कुणी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर त्याला गद्दार म्हणणाऱ्यांत मी नसेन. फक्त एवढं ध्यानात ठेवा, पासपोर्ट बदलला तरी जात विमानतळावर जमा होत नाही. सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालावी लागली. कॅलिफोर्नियात तसं विधेयक मंजूर झालं, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने त्यावर सही करायला नकार दिला. तिथेही काम आहे.

आणि जे इथे राहतील त्यांनी अर्थसंकल्प वाचायला शिकावं. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांच्यासाठी निधी राखून ठेवण्याची विशेष घटक योजना १९७९-८० पासूनची आहे. आपण बसलो आहोत त्या राज्याला याचा इतिहास आहे. तेव्हाच्या संयुक्त आंध्र प्रदेशात चळवळीच्या रेट्यामुळे २०१३ मध्ये उपयोजनेचा कायदाच झाला. असा निधी आपल्या राज्यात, आपल्या जिल्ह्यात किती मंजूर झाला, किती खर्च झाला, कशावर खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा अर्ज आहे. इथे बसलेल्या प्रत्येकाने वर्षाला एक अर्ज केला तरी पुष्कळ.

शेवटी पुन्हा मेसमध्ये जाते. तो मुलगा अजून माझा मित्र आहे. काही महिन्यांनी मी त्याला हे सगळं सांगितलं, भांडण न करता. आकडे दाखवले, चुलतभावाच्या कराचंही सांगितलं. तो म्हणाला, "मला तुला बोलायचं नव्हतं." मी म्हटलं, "माहीत आहे. पण मला लागलं होतं." त्याला सगळं पटलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यानंतर माझ्यासमोर तरी तो तसं बोलला नाही.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला विचारलं, "आई, तू टॅक्स भरतेस हे तुला माहीत आहे का?" ती हसली. म्हणाली, "मला कुठला गं टॅक्स? साहेबलोकं भरतात टॅक्स." मग आम्ही दोघींनी बसून तिच्या त्या महिन्याच्या खर्चाचा हिशेब केला. पेन माझ्या हातात होतं, वस्तू ती सांगत होती. बेरीज ऐकून ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग आमच्या वस्तीतल्या नालीचं काम तीन वर्षं का होत नाही?"

हा प्रश्न नागरिकाचा आहे. तो घेऊन तुम्ही तुमच्या गावी, तुमच्या वस्तीत जावं, एवढीच विनंती करते आणि थांबते.

जय भीम!